आमच्या साडूंची लाँगप्ले

सोलापूर शहराच्या वाट्याला जेवढी भीती आली होती, तिच्यातली निम्मी एकट्या आमच्या साडूंनी वापरली आणि उरलेली निम्मी बाकीच्या गावाला पुरून उरली, असं माझं प्रामाणिक मत आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. शुक्रवार पेठेत राहायचे आणि एका सरकारी कचेरीत कारकून होते. अंगानं चांगले दणकट. मिशा अशा की नवखा माणूस त्यांना फौजदार समजून वाट द्यायचा, आणि अशी वाट मिळाली की साडू घाबरायचे, कारण आपल्या मागून कुणी मोठा माणूस येत असणार असं त्यांना वाटायचं. कुत्रं, बैल, पाल, वीज, आलेली तार, न आलेलं पत्र, साहेबांचा आवाज आणि साहेबांची शांतता, ह्या सगळ्यांना ते सारखंच भ्यायचे, त्यात डावंउजवं करायचे नाहीत. अक्कांनी, म्हणजे माझ्या मेहुणीनं, हौसेनं प्रेशर कुकर आणला तेव्हा पहिल्या शिट्टीला साडू जे घराबाहेर पडले ते वरण निवल्यावर परत आले. पुढे कुकर लावायचा असला की अक्का त्यांना आधी भाजी आणायला पाठवायच्या. न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यावर वस्तरा गळ्याशी आला, की ते न्हाव्याच्या पोराबाळांची चौकशी सुरू करत. मुलांची आठवण झाली की माणसाचा हात हलका होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मी स्वतः धीट माणूस. हायस्कुलात इतिहास शिकवायचो आणि लढायांचे धडे असे रंगवायचो की शेजारच्या वर्गातला गणिताचा तास बंद पडायचा. त्यामुळे साडूंची थट्टा करणं हा मी माझा जन्मसिद्ध हक्क समजत होतो, आणि तेही तो मोठ्या मनानं मान्य करायचे.

त्यांच्या घरात बोलणं कानडी, बाहेर मराठी. पण भीती वाटली की भाषा एकच उरायची, कानडी, आणि तिच्यातलाही शब्द एकच: 'ब्याड'. ब्याड म्हणजे नको. गड्ड्याच्या जत्रेत एकदा मुलांनी हट्टानं त्यांना आकाशपाळण्यात बसवलं. पाळणा वर जायला लागला आणि वरून 'ब्याड! ब्याड! ब्याड!' सुरू झालं. खाली भजी तळणारा माणूस झारा हातात धरून वर बघत राहिला. पाळणेवाल्याला कानडी येत नव्हतं. गिऱ्हाईक खुशीत आहे असं समजून त्यानं आणखी जोरात फिरवलं. खाली उतरल्यावर साडू जमिनीवर बसले, दोन्ही हातांनी माती धरली आणि मला म्हणाले, "साडूभाऊ, पुढच्या वर्षी जत्रा आली की मला गावाला पाठवा की."

त्यांच्या गाण्याचा जन्मही असाच भीतीतनं झाला. त्यांना गाण्याची आवड होती असं नव्हे. पेटी, तबला, तंबोरा ह्यांपैकी कशालाही त्यांनी हात लावलेला नव्हता. तबल्याला तर ते जरा भ्यायचेच. झालं असं, की एका सकाळी कचेरीला निघाले असताना पेठेतलं एक कुत्रं त्यांच्या सायकलच्या मागे लागलं. साडूंनी पाय वर घेतले, सायकल उतारावर सोडली, आणि 'ब्याड ब्याड ब्याड ब्याऽऽड' अशी हाळी देत, दर वळणाला एकेक सूर चढवत, अख्खी पेठ पार केली. कोपऱ्यावर रशीदभाईंचं मांडव आणि लाउडस्पीकरचं दुकान होतं. रशीदभाई लग्नाकार्याला भोंगे भाड्यानं द्यायचे आणि फावल्या वेळात बेंजो वाजवायचे. बेंजो म्हणजे बुलबुलतरंग, पण रशीदभाईंनी त्याला वायर जोडून भोंग्यातनं काढलेला, आणि भोंगाही असा फाटका की त्यातनं सूर निघताना करवतीतनं निघाल्यासारखा निघायचा. ते दुकानात बेंजो लावून बसले होते. साडूंची हाळी ऐकली, आणि बोटं आपोआप तिच्या मागे धावली. कुत्रं दमून परत गेलं तरी रशीदभाई वाजवतच होते. संध्याकाळी ते साडूंच्या घरी आले. "मियाँ, सुबू तुम जो गाए ना, वो गाना था," ते म्हणाले. साडू म्हणाले, "गाणं न्हवतं ते, कुत्रं हुतं." रशीदभाई म्हणाले, "हौ, कुत्ता था. डर को छुपाव नक्को. यहीच गाव."

रशीदभाईंच्या ओळखीचा मल्लेशम म्हणून एक तेलगू विणकर होता. पॉवरलूमवर काम करायचा, गणपतीत ढोल वाजवायचा. बारा-बारा तास मागावर उभं राहून त्याच्या हातात मागाचीच चाल बसली होती: खटाखट, खटाखट, मध्ये श्वास नाही. त्याला सावकाश वाजव म्हटलं की तो बिचारा अवघडायचा, माग बंद पडल्यासारखं वाटायचं त्याला. अशी ही तिघांची मंडळी कुंभारी गावाच्या वाटेवर एका पत्र्याच्या शेडमध्ये रविवारी दुपारी जमायला लागली. शेड गावापासून लांब निवडली होती, लोकांना त्रास नको म्हणून. पण पहिल्याच रविवारनंतर तिथल्या कोंबड्या आठवडाभर अंडी देईनाशा झाल्या अशी तक्रार आली. मी अधूनमधून बघायला जायचो, चेष्टेला विषय मिळावा म्हणून. साडू डोळे घट्ट मिटून, दोन्ही मुठी आवळून उभे राहायचे आणि आपल्याला ज्याची ज्याची भीती वाटते त्याची यादी भरधाव म्हणायचे. एक गाणं कुत्र्याचं. एक कुकरचं. 'तार आली' हे एक. 'साहेबांनी बोलावलंय' हे एक, त्यात ह्या दोन शब्दांपलीकडे काही नव्हतंच, पण ते ऐकताना कारकून माणूस नकळत सदऱ्याची बटणं लावायला लागायचा. एकही गाणं दोन मिनिटांवर जात नव्हतं. कारण विचारलं तर साडू म्हणाले, "जास्त वेळ एका जागी हुबं राहिलं की माणूस नजरंत येतोय." प्रत्येक गाण्याच्या शेवटी ते ओरडायचे, "ब्याड!" बेंजोवरून रशीदभाई ओरडायचे, "नक्को!" आणि ढोलामागून मल्लेशम ओरडायचा, "वद्दू!" तिन्हींचा अर्थ एकच. सोलापुरात नाही म्हणायला एक भाषा पुरत नाही.

ह्यातलं 'सुई' हे गाणं मला पहिल्यापासून आवडायचं. साडू लहान असताना देवी टोचणारा माणूस गावात आला होता, आणि हे ज्वारीच्या कणगीत लपून बसले होते. कणगीतनं काढून, चौघांनी धरून टोचलेला तो दंड ते आम्हाला अजून दाखवायचे. ते गाणं असं होतं:

सुई ब्याड, सुई ब्याड,
दंडाला ब्याड, कंबरंला ब्याड,
डाक्टर लई ग्वाड बोलतोय,
त्याचं ग्वाड बी ब्याड!

पंच्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात रशीदभाईंनी हट्टानं सगळ्यांना मुंबईला नेलं. तिथली एक कंपनी हौशी माणसांच्या तबकड्या काढून द्यायची. शाळेला सुट्टी होती, म्हणून मीही गेलो. काचेच्या खोलीत गाणाऱ्यांनी उभं राहायचं आणि लाल दिवा लागला की सुरू करायचं, असं ध्वनिमुद्रण करणाऱ्या गृहस्थांनी समजावून सांगितलं. आता लाल दिव्याचा अर्थ साडूंना जन्मभर एकच माहीत होता: धोका. दिवा लागला रे लागला की ते सुटायचे. काचेपलीकडचे गृहस्थ हात वर करून "सावकाश, सावकाश" म्हणायचे आणि साडूंना वाटायचं, हा माणूस आपल्याला 'पळा' म्हणतोय. शेवटी त्या गृहस्थांनी कानावरचं यंत्र काढून ठेवलं आणि मला विचारलं, "हे गातायत की कुणी ह्यांच्या मागे लागलंय?" मी म्हटलं, "दोन्ही." एकही गाणं दुसऱ्यांदा घेता आलं नाही, कारण एकाच गाण्यासाठी त्या दिव्याखाली दोनदा उभं राहायला साडू तयार नव्हते. नऊ गाणी जेवणाच्या सुट्टीआधी आटपली. मोठी लाँगप्ले तबकडी, पण दोन्ही बाजूंना गाणी संपून चांगली तीन बोटं जागा कोरी राहिली.

नावाचा घोटाळा फोनवर झाला. तबकडी छापायला गेली तेव्हा कंपनीच्या माणसानं रशीदभाईंच्या दुकानात फोन केला, आणि नेमके साडू तिथे बसलेले. वाजणारा फोन त्यांच्या हातात कोंबण्यात आला. पलीकडून विचारलं, नाव काय द्यायचं? साडू म्हणाले, "ब्याड." पलीकडून विचारलं, "बॅड?" साडूंना वाटलं आपला उच्चार चुकला असेल, मुंबईच्या माणसाशी वाद कशाला. म्हणाले, "व्हय, तेच." तबकड्यांचे खोके आले तेव्हा प्रत्येक पाकिटावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत छापलेलं होतं, 'बॅड'. खाली साडूंचा फोटो, पाठमोरा. फोटो पुढून काढायला त्यांनी नकार दिला होता, चेहरा कुणाच्या लक्षात राहील म्हणून.

खोके आले तेव्हा पाऊस सुरू झाला होता आणि आणीबाणीही. त्या दोन्हींचा तबकडीशी काही संबंध नव्हता, निदान आम्हाला तसं वाटत होतं. तबकडीचं स्वागत म्हणाल तर पेठेत गायनक्लास चालवणाऱ्या बुवांना रशीदभाईंनी मुद्दाम बोलावून ऐकवली. बुवांनी डोळे मिटले, पहिल्या गाण्याला उघडले, आणि दुसऱ्या गाण्याला चपला घातल्या. एका साप्ताहिकानं लिहिलं, की तबकडीवरची कोरी जागा ही तिच्यातली सर्वांत श्रवणीय गोष्ट आहे. मी ते कात्रण खिशात घालून साडूंना वाचून दाखवायला गेलो. त्यांना फार बरं वाटलं. "म्हंजे कोण ऐकत न्हाय. सुटलो की साडूभाऊ," असं म्हणून त्यांनी मला चहा पाजला. खोके रशीदभाईंच्या दुकानात मांडवाच्या कापडाखाली गेले.

पण ऐकणारं कुणीतरी होतं. मल्लेशमनं एक तबकडी आपल्या कारखान्यात नेली होती. मागांच्या खडखडाटात दुसरं कुठलंही गाणं ऐकू यायचं नाही, हे मात्र यायचं, कारण ते मुळात मागाच्याच चालीवर बसलेलं. एका कारखान्यातनं दुसऱ्या, दुसऱ्यातनं तिसऱ्या, असं करत ते सगळ्या विणकर वस्तीत पसरलं. बायका कांड्या भरताना म्हणायच्या, माणसं माग चालवताना म्हणायची. इथपर्यंत सगळं गमतीचं होतं.

मग शहात्तर साल उजाडलं आणि नसबंदीची मोहीम आली. ते दिवस ज्यांनी बघितले नाहीत त्यांना सांगणं कठीण आहे. माणसं हळू आवाजात बोलायला लागली. आरोग्य खात्याची जीप खेड्याच्या शिवेवर दिसली की बाप्ये उभ्या ज्वारीत शिरायचे आणि जीप जाईपर्यंत कणसंही हलू द्यायचे नाहीत. सरकारी नोकरांना, मास्तरांना, तलाठ्यांना, सगळ्यांना 'केसेस' आणायची सक्ती. केस म्हणजे माणूस. अमुक इतकी माणसं शस्त्रक्रियेला आणा, नाही तर पगार अडेल, बढती अडेल, बदली होईल. ज्याला तीन मुलं त्यानं आधी स्वतः जावं. साडूंना तीन मुलं होती.

आणि एका दुपारी विणकर वस्तीत ती जीप आली. कुठल्याशा कारखान्यातनं कुणीतरी गाणं लावलं: 'सुई ब्याड'. मग शेजारच्या कारखान्यातनं. मग माग थांबवून सगळी वस्ती एका आवाजात ओरडायला लागली, ब्याड, नक्को, वद्दू. जीप परत गेली. दुसऱ्या दिवशी भिंतीवर कोळशानं लिहिलेलं दिसलं, 'कंबरंला ब्याड'. आठवड्याभरात तबकडीचे सगळे खोके संपले. कोण नेत होतं, कुठे नेत होतं, रशीदभाईंना कळेना. लोक दुकानात येऊन कानात विचारायचे, "वो सुईवाला है क्या?" आणि ज्या माणसानं प्रेशर कुकरला भिऊन घर सोडलं होतं, तो माणूस सरकारला भीत नाही असं सोलापुरात बोललं जाऊ लागलं. शुक्रवार पेठेत साडू दिसले की तरणी पोरं सायकलवरनं उतरायची. साडूंना वाटायचं, ही मला धरायलाच उतरली.

त्या दिवसांत त्यांची जी अवस्था झाली, तिला मी हसू शकलो नाही. दारावर थाप पडली की ते चादरींच्या गठ्ठ्याआड जाऊन बसायचे. जेवण तुटलं. मिशा तेवढ्या राहिल्या, खालचा चेहरा निम्मा झाला. मला म्हणायचे, "देवाशपथ, मी देवी टोचायचं गाणं केलतं. आता देवीवाल्याला कुटनं आणू साक्षीला?" मी धीर द्यायचो. आमच्या शाळेत ह्याहून कठीण प्रसंग आले, घाबरायचं नसतं, ताठ मानेनं सामोरं जायचं असतं, असं पुष्कळ काही बोलायचो. ते मान डोलवायचे आणि माझा हात सोडायचे नाहीत.

शेवटी बोलावणं आलं. साहेबांनी बोलावलंय, हेच ते दोन शब्द, कचेरीच्या पट्टेवाल्यानं घरी येऊन सांगितले. अक्कांनी त्यांना कपाळाला विभूती लावली. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमी संगं जावा. तुमचं ऐकून त्येंचा जीव थाऱ्यावर राहतोय." मी संगं गेलो. साहेबांच्या खोलीला अर्धी दारं होती, मधोमध झुलणारी. साडू दारापाशी थांबले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आत या की." मी म्हटलं, "नातेवाइकांना आत घेत नाहीत." असा काही नियम नव्हता. मी बाकावर बसलो. दारांच्या खालून मला साडूंचे पाय दिसत होते, आणि बोलणं सगळं ऐकू येत होतं.

साहेब परगावचे होते, नवे आलेले. आवाज अगदी सौम्य. त्यांनी तबकडी हातात घेतली असावी, कारण ते म्हणाले, "बॅड. कोण बॅड? सरकार बॅड?"

"न्हाय साहेब," साडू म्हणाले, "ते विंग्रजी न्हाय. कानडी हाय. ब्याड म्हंजे नको."

"नको. काय नको?"

आपण खड्ड्यातनं निघून विहिरीत पडलो हे साडूंच्या ध्यानात आलं असावं. मग बारीक आवाजात म्हणाले, "सुई, साहेब. देवीची. मी ल्हान हुतो तवाची."

"देवी तर देशातनं गेली," साहेब म्हणाले. "आता कोण कुणाला देवी टोचतंय?" मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. "हे बघा. माझा तुमच्यावर राग नाही. पण वरून विचारणा आहे, मलाही उत्तर द्यावं लागतं. तुम्हाला तीन मुलं आहेत. उद्या सकाळी कॅम्पात या आणि स्वतःची शस्त्रक्रिया करून घ्या. गाण्याचा विषय तिथेच संपला. मी लिहून देईन, की गाण्यात तसं काही नव्हतं. नाही तर नोकरी जाईल, आणि पुढचं माझ्या हातात राहणार नाही. येताय ना?"

दारांखालून मला साडूंचे पाय एक पाऊल मागे सरकलेले दिसले. त्यांचं उत्तर काय येणार ह्याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. मी मनात म्हणतही होतो, हो म्हणा, हो म्हणा आणि सुटा.

"ब्याड, साहेब," साडू म्हणाले.

ओरडून नाही. चाल नाही, बेंजो नाही. जेवताना वाढणाऱ्याला सांगावं तसं.

साहेबांना नीट ऐकू आलं नसावं. खोलीत उभा असलेला पट्टेवाला अक्कलकोटकडचा, कानडी समजणारा होता. साहेबांनी त्याला विचारलं, "काय म्हणतायत हे?" तो आधी खाकरला. मग म्हणाला, "'बघतो' म्हणतायत, साहेब."

त्या पट्टेवाल्याचे उपकार कुणी फेडायचे! त्यानं सुटकेचं दार उघडून दिलं होतं. साडूंनी फक्त नमस्कार करून बाहेर यायचं होतं, पुढचं पुढे बघता आलं असतं. पण खोटं बोलायला साडूंना खऱ्याहून जास्त भीती वाटायची. उद्या हे उघडकीला आलं तर? पट्टेवाल्याची नोकरी गेली तर? ते घाईघाईनं, सरळ मराठीत म्हणाले, "तसं न्हाय साहेब. त्येंना नीट ऐकू आलं न्हाय. मी 'नको' म्हणालो. मला जमणार न्हाय. मला लई भ्या वाटतंय."

ते बाहेर आले तेव्हा निलंबित झालेले होते. सायकल स्टँडशी आलो, त्यांना कुलूप उघडेना. म्हणाले, "साडूभाऊ, सायकल तुमी चालवा." ते मागे कॅरियरवर बसले, माझ्या सदऱ्याला धरून. पेठेपर्यंत त्यांची थरथर सायकलच्या दांडीतनं माझ्या हातापर्यंत येत होती. मी एकदाही मागे वळून बघितलं नाही.

कारण आता सांगायलाच हवं. आमच्या हेडमास्तरांनी मला त्याच्या पंधरा दिवस आधी बोलावलं होतं. त्यांना माझ्याकडून दोन केसेस हव्या होत्या. त्यांनी आवाजही चढवला नव्हता. नुसतं म्हणाले, "सर, दोन." आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत मी "हो" म्हणालो. एक केस शेजारच्या गल्लीतल्या म्हाताऱ्याची होती, तिचं काही वाटायचं कारण नव्हतं. दुसरा आमच्या शाळेची घंटा देणारा भीमण्णा. त्याला एकच मुलगी होती, चार वर्षांची. त्याला मी काय काय सांगितलं ते लिहायची मला लाज वाटते. तो म्हणाला, "सर म्हणतायत म्हंजे बरंच असंल की," आणि माझ्या मागून कॅम्पात आला. मी त्याला दारापर्यंत सोडायला गेलो होतो, आणि माझा आवाज लई ग्वाड होता. पुढे कितीतरी वर्षं तो घंटा देताना मला बघून हसायचा आणि नमस्कार करायचा.

साडूंचे ते महिने फार वाईट गेले. रशीदभाईंच्या दुकानात वायरी गुंडाळायचं काम ते करायचे. अक्का कडक भाकऱ्या करून दुकानांत द्यायच्या. कारखान्यांतल्या तबकड्या कुणीतरी येऊन घेऊन गेलं. जीपचा आवाज आला की साडू अजूनही गठ्ठ्याआड जायचे, त्यात काही फरक पडला नव्हता. 'नको' म्हणून त्यांची भीती गेली असं मुळीच झालं नाही. उलट नव्या चार गोष्टींची भर पडली. मग सत्याहत्तर साली निवडणुका झाल्या, सरकार बदललं, साडू पुन्हा कामावर रुजू झाले. विणकर वस्तीनं त्यांचा सत्कार ठेवला. लोकांनी हार घेऊन घर गाठलं, तर हे मागच्या दारानं पसार. दोघांनी उचलून मंचावर आणलं. मल्लेशमनं ढोल वाजवला, रशीदभाईंनी बेंजो लावला, आणि लोक ओरडायला लागले, सुई, सुई. साडूंनी माइक धरला, समोरची गर्दी बघितली आणि म्हणाले, "मी लई भ्यालो हुतो. तुमी समजताय तसं काय न्हाय." टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. एवढा मोठा माणूस आणि किती विनम्र, असं माझ्या शेजारचा म्हणाला. मीही टाळ्या वाजवत होतो.

ह्यालाही खूप वर्षं झाली. साडू निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं संध्याकाळी सिद्धेश्वराच्या तलावाकाठी जाऊन बसायचो. एकदा असेच बसलो होतो, ऊन उतरलेलं, शेंगांचा पुडा दोघांच्या मध्ये. त्या आठवड्यात भीमण्णा निवृत्त झाला होता आणि जाताना माझ्या पाया पडून गेला होता. मला राहवेना. मी म्हटलं, "साडू, तुम्हाला एक सांगायचंय. पुष्कळ वर्षं मनात आहे."

त्यांच्या हातातली शेंग तिथेच राहिली. "कोण गेलं का?"

"नाही."

"तब्येत बरी हाय न्हवं तुमची?"

"बरी आहे. माझ्याबद्दलचंच आहे. त्या कॅम्पाच्या दिवसांतलं."

"वाईट हाय का?"

"हो," मी म्हटलं. "वाईटच आहे."

त्यांनी तलावाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग नका सांगू," ते म्हणाले. "बाकी कुणाचं बी सांगा. तुमचं वाईट ऐकायचं मला लई भ्या वाटतंय, साडूभाऊ. आपल्यात एक तुमीच तर धीट हाय."

मी सांगितलं नाही. त्यांनी पुडा माझ्याकडे सरकवला, आणि आम्ही अंधार पडेपर्यंत शेंगा फोडत बसलो. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले.